पुढारी पंगतीत बसावा, पताकेवर नको

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी केलेले भाषण)





मी शेतकरी माणूस. चौथी शिकलो. पुढची शाळा नांगरामागं आणि विण्यामागं झाली. मंडळानं मला विषय दिला, "वारकरी आणि पुढारी". विषय जरा काटेरी आहे. पण घरचं कार्य असलं की घरच्या माणसानं खरं बोलावं, म्हणून उभा राहिलो.

तुम्हाला माहीत आहे, यंदा शंभरावं वर्ष म्हटल्यावर मदतीचे निरोप चहूकडून आले. कुणी तंबू देतो म्हणतंय, कुणी ट्रक, कुणी पाण्याचा टँकर. पण काही निरोपांना शेपूट आहे. तंबूवर फोटो लावा, दिंडीच्या फलकावर नाव टाका. मंडळात दोन तट पडलेत. तरणी पोरं म्हणतात, "महाराज, फोटोनं काय अंग झिजतंय? घ्या की." जुनी माणसं म्हणतात, "पुढाऱ्याचा पैसाच नको." मला दोन्हीतलं थोडं थोडं पटतं आणि दोन्हीतलं थोडं थोडं पटत नाही.

आधी जुन्या माणसांना सांगतो. मोठ्या माणसाची मदत वारीला नवी नाही. माउलींचा पालखी सोहळा ज्यांनी आज दिसतो तसा शिस्तीनं बांधला ते हैबतबाबा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारात सरदारी केलेला माणूस. त्यांनी सोहळा उभा केला तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले, तंबू दिला. आजही अंकलीवरून घोडे चालत आळंदीला येतात. तेव्हा सत्तेवाल्याचा हात वारीला लागलाच नाही असं नाही.

आता तरण्या पोरांनी ऐकायचं. त्या दोन घोड्यांतला एक माउलींचा. रिंगणात तो धावतो तेव्हा त्याच्या पाठीवर कोण असतं? कोणी नाही. घोडा शितोळ्यांचा, दाणापाणी शितोळ्यांचं, पण पाठ मोकळी. ती जागा माउलींची. आपण त्याच्या टापाखालची माती कपाळाला लावतो, ती देणाऱ्याच्या नावानं नाही लावत. आणि हैबतबाबा स्वतः कुठं आहेत? आळंदीला महाद्वारात, पायरीला. द्यावं कसं आणि दिल्यावर उभं कुठं राहावं, ते या दोन गोष्टींत सगळं आलं.

आता आपल्या मुलखातले पुढारी बघू. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत पडले. 1942 नंतर प्रतिसरकार उभं राहिलं ते आपण इंग्रजाविरुद्धच्या लढाईसाठी आठवतो. पण त्या माणसांनी गावात आणखी दोन कामं केली. एक, गावातले तंटे गावातच न्याय करून मिटवले. दुसरं, कमी खर्चातली लग्नं लावली. हुंडा नाही, मानपान नाही, हार घालायचे आणि संसाराला लागायचं. गांधी-लग्न म्हणायचे त्याला. लग्नापायी जमीन सावकाराच्या घशात जाते, हे त्यांना कळलं होतं. नाना पुढं 1957 साली साताऱ्यातून खासदार झाले. सांगायचं एवढंच की पुढारी लग्नाला नुसत्या अक्षता टाकायला गेला नाही, लग्नाचा खर्च उतरवायला गेला.

दुसरे आर. आर. पाटील, आपले आबा. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. गरिबीतून शिकले, झेडपीत गेले, 1990 साली आमदार झाले. ग्रामविकास मंत्री असताना 2000-01 साली त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. कीर्तनकार म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं. गाडगेबाबा काय करायचे? गावात आले की आधी झाडू. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडायची. पाया पडू द्यायचे नाहीत. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि 1949 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली. अशा माणसाचं नाव सरकारी कामाला दिलं आणि मंत्र्यानं स्वतः हातात झाडू घेतला. आधी काम, मग बक्षीस, असा हिशेब होता. आमच्या भागात रस्त्याकडंचे उकिरडे हलले, गटारी झाल्या, लोकांनी श्रमदानाला कुदळी काढल्या. सासुरवाशिणींना अंधार पडायची वाट बघत बसायला लागायचं, ते घरोघर संडास झाल्यावर सरलं. मी म्हणतो, हे शंभर कीर्तनांचं पुण्य आहे.

पुढं गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेत समिती नेमायची, बांधाचं, वाटणीचं, भाऊबंदकीचं भांडण गावातच समोरासमोर बसवून मिटवायचं. एका बांधापायी दोन भाऊ बारा-बारा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि एकादशीला दोघंही आपल्याच दिंडीत टाळ कुटतात, हे आपण बघतो ना? तो टाळ पांडुरंगाला कसा ऐकू जायचा?

मी आबांची आरती करत नाही. तेही माणूसच. मुंबईच्या हल्ल्यानंतर त्यांच्या बोलण्यावर टीका झाली, 2008 साली पद सोडावं लागलं. आणि मोहीमही माणसांवरच चालते. जिथं समितीत न्यायाची माणसं होती तिथं तंटे मिटले, जिथं गटातटाची होती तिथं समितीचाच तंटा झाला. स्वच्छतेचंही तेच. बक्षीस मिळालं आणि झाडू कोपऱ्यात गेला, अशीही गावं आहेत. त्याला पुढाऱ्यापेक्षा आपणच जास्त जबाबदार. आबा 16 फेब्रुवारी 2015 ला गेले. झाडू गावातच आहे.

तिसरं नाव वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींचं. विटा, आटपाडी, दिघंचीवरून पायी गेलेल्यांना त्या वाटेची तहान माहीत आहे. अण्णांच्या वाळव्याला कृष्णेचं पाणी होतं, पण 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवायला ते पुढं झाले. सोबत क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, भारत पाटणकर. तेरा दुष्काळी तालुक्यांतले लोक वर्षानुवर्षं एका मांडवात जमले. आज टेंभूचं पाणी त्या माळाला पोचतंय, त्यामागं सरकारचा पैसा आहे तसा या लोकांचा रेटाही आहे. ज्याच्या घरी पाणी आहे त्यानं तहानलेल्यासाठी भांडावं, ह्याला मी भूतदया म्हणतो.

आणि दुसऱ्या तऱ्हेचंही एक सांगतो. गावाचं नाव घेत नाही, माणसाचं नाही. एका सप्ताहात माझं कीर्तन होतं. रात्रीचे नऊ वाजले, लोक बसले, टाळकरी उभे राहिले. निरोप आला, साहेब येतायत, थांबा. दीड तास थांबलो. म्हाताऱ्या बाया भुईवर पेंगल्या. साहेब आले, सत्कार झाला, नारळ, फेटे, भाषण, फोटो. साहेब गेले आणि त्यांच्याबरोबर निम्मा मांडव उठला. मी निरूपण वीस मिनिटांत आवरलं. साहेबांवर माझा राग नव्हता, त्यांना बोलावणारे आपणच. देवाच्या दारात कोण कुणासाठी थांबतो, हे आपण ठरवायचं असतं आणि त्या रात्री आपण उलटं ठरवलं होतं.

म्हणून मंडळापुढं माझं मागणं ठेवतो. मदत घ्यावी, कुणाचीही घ्यावी. पण ज्या वहीत अकरा रुपये देणाऱ्या म्हातारीचं नाव आहे त्याच वहीत, त्याच शाईनं त्यांचं नाव लिहावं आणि पावती द्यावी. पताका, वीणा, तंबू, फलक यांवर कुणाचं नाव नको, फोटो नको. पुढारी आले तर टाळ द्यावा, बुक्का लावावा, पंगतीत बसवावं, कीर्तन थांबवू नये. आणि त्यांना फेटा बांधण्यापेक्षा काम सांगावं. वाटेवर मुक्कामाच्या गावात बायकांसाठी संडास नाही, तो बांधा. पिण्याच्या पाण्याची टाकी द्या. दिंडी पुढं गेल्यावर मुक्कामाची जागा झाडायला सोबत या. हे काम जो करील त्याला नाव लावायची गरज पडणार नाही. त्या गावच्या बायाच त्याचं नाव घेतील.

आणखी एक. आपल्यात मानाच्या जागेवरून जे रुसवे आहेत ते या काल्याच्या आत मिटवा. आपल्या दिंडीत तंटा ठेवून पुढाऱ्याला शहाणपण शिकवायचा आपल्याला हक्क नाही.

पुढच्या शंभर वर्षांत कितीतरी आमदार होतील, खासदार होतील. वीणा खाली ठेवायची नाही, एवढं आपल्याकडं आहे. घोड्याची पाठ मोकळी राहू द्या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!