दग्धव्रण आणि त्वचादान



खोल भाजलेल्या जखमेवर नवी त्वचा आपोआप येत नाही. तिचे मूळच जळालेले असते. मृत भाग काढून तेथे रुग्णाच्याच मांडीची पातळ त्वचा लावावी लागते. अन्यथा जखम आकसते, हनुवटी छातीला चिकटते, बोटे वळतात. परंतु निम्म्याहून अधिक शरीर भाजले असेल, तर त्वचा आणावी कोठून?

या गरजेतूनच मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांनी त्वचापेढी उभारली. मृताच्या पाठीची व मांड्यांची त्वचा ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळवावा लागत नाही. ती कायमची रुजत नाही, दोन-तीन आठवड्यांनी निघते. पण तोवर ती जंतुसंसर्ग रोखते, आणि तेवढ्यावरच पुष्कळदा प्राण वाचतात.

नेत्रदानास आपण सहज तयार होतो. त्वचा म्हटले की देह विद्रूप होईल, असे भय वाटते. ते निराधार आहे. केवळ पातळ थर घेतात व पट्टी बांधून देह परत देतात. खरी अडचण वेळेची. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते, आणि मुंबईचे पथक मंडणगडास तेवढ्यात पोहोचणे कठीणच. म्हणून मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांशी हे आधी बोलून ठेवा. संमती नातेवाइकांनी द्यायची असते, आणि पेढीला दूरध्वनीही त्यांनीच करायचा असतो.