लस दिली, तरी मरतूक का?

जानेवारी 2025मध्ये उदगिरात बर्ड फ्लूने कावळे मेले आणि लातूर-नांदेडच्या कोंबड्यांच्या शेडांमध्ये धास्ती पसरली. पण कोंबडीला आतून पोखरणारे काही विषाणू बातमीत येतच नाहीत.

त्यातला गंबोरो साधारण 3 ते 6 आठवड्यांच्या पिलांना गाठतो. गुदद्वाराच्या वर बर्सा नावाची छोटी पिशवी असते. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तिथेच घडतात, आणि गंबोरो नेमकी तीच पिशवी उद्ध्वस्त करतो. त्याच कळपात संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू असला, तर तो अस्थिमज्जा आणि मानेतली थायमस ग्रंथी खच्ची करतो. मग मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस देऊनही पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही. पाठोपाठ ई. कोलाय हा जिवाणू शिरतो आणि दोष लसीच्या माथी जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

मरतूक वाढली की अँटिबायोटिक बदलत बसू नका. विषाणूवर ती चालत नाहीत. मेलेले पक्षी स्वतः चिरू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. गंबोरोचा विषाणू शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून नवी पिलं आणण्याआधी भुशाची जुनी गादी पूर्ण काढा, शेड धुऊन निर्जंतुक करा आणि काही दिवस रिकामी ठेवा.