करारात न लिहिलेली परतफेड

आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले कितीतरी जण शिष्यवृत्तीवर शिकलात. त्यांच्याशी मला आज खास बोलायचं आहे.

जून १९१३ मध्ये बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी एक करार केला. संस्थानाने कोलंबिया विद्यापीठातल्या शिक्षणासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे आणि परतल्यावर त्यांनी दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी त्या पैशांतून पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं घेतली, घरीही पैसे पाठवले. शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदत १९१७ मध्ये संपली, तेव्हा पुढे लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास अर्धा टाकून ते करार पाळायला बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन उतरले, तर जात कळताच लोक काठ्या घेऊन चालून आले. थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदा सोडलं. दहा वर्षांच्या नोकरीचा करार तिथेच मोडला.

नुसता करार पाहणारा कारकून ही रक्कम बुडीत खात्यात टाकून मोकळा झाला असता. पण पुढचं बघा. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला, तो त्यांनी सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला आणि आपल्या शिक्षणाला केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता नोंदवली. ज्या शहराने त्यांना छप्पर नाकारलं, त्याच शहराच्या राजाचं ऋण त्यांनी असं जाहीरपणे मान्य केलं. मला हे फार मोठं वाटतं.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. ती आजही चालू आहे. या सभागृहातल्या काहींची फी तिच्यातूनच भरली गेली असेल. राज्यघटनेबद्दल तर तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

अशी आणखी नावं आहेत. चिंतामणराव देशमुखांना मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या निधीतून डॉ. कृष्णाबाई केळवकर शिकल्या आणि त्यांनी कोल्हापुरात रुग्णसेवा केली. त्याच निधीच्या आधारावर जयंत नारळीकर केंब्रिजला गेले, आणि परत येऊन त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली. त्याच निधीतून लंडनला शिकलेले के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले.

म्हणून शिष्यवृत्ती घेतल्याचा संकोच बाळगू नका. कुणी तुम्हाला ‘फुकटात शिकलेला’ म्हटलं, तर मान खाली घालू नका. समाजाने तुमच्यावर विश्वासाने पैसा लावला आहे. तुमच्यातला प्रत्येक जण राष्ट्रपती होणार नाही, आणि तशी अपेक्षाही कुणाची नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नेमाने हजर राहणारी डॉक्टर हीसुद्धा त्या पैशाची पुरेपूर परतफेडच.

एक विनंती मात्र आजच करतो. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आधारला जोडलेलं बँक खातं या सगळ्यातून तुम्ही गेला आहात. कुठला कागद कुठे अडतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारं पोर इथेच अडखळतं, आणि एका दाखल्यापायी त्याचं अख्खं वर्ष हातचं जातं. गावी गेलात की अशा एका तरी मुलाजवळ किंवा मुलीजवळ बसा आणि मुदत संपायच्या आत तो अर्ज पूर्ण भरून द्या.