मोटारीचे दोन ऋतु

मोटार कितीहि बलाढ्य असली, तरी तिचें बळ रस्त्यावर उतरतें तें तळहाताएवढ्या चार जागांवरून. म्हणूनच जर्मनींत अशा मोटारीसाठीं टायरांचे दोन संच ठेवतात. उन्हाळी टायरचें रबर सुमारें ७ अंश सेल्सिअसखालीं ताठर होऊं लागतें. हिवाळी टायरचें लवचिक राहतें व त्यावरील बारीक चिरा बर्फ पकडतात. उन्हाळ्यांत मात्र हाच मऊपणा ब्रेकचें अंतर वाढवितो. २०१० पासून तेथें बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. निवडतांना पर्वत व हिमकण यांची खूण पाहावी. या टायरांची वेगमर्यादा मोटारीच्या कमाल वेगाहून कमी असली तरी चालते. पण तो आंकडा चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावा लागतो. हिवाळ्यांत वेग ठरवावा तो टायरला विचारून, इंजिनाला नव्हे.