आजोबांची रापी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



निवृत्तीनंतर मी जुन्या लष्करी चर्मसाहित्याच्या प्रतिकृती हाताने करीत असतो. त्यांत माझ्या विशेष आवडीचा सॅम ब्राउन पट्टा. बराकपूर येथे १८२४ साली जन्मलेल्या या घोडदळ अधिकाऱ्याने १८५८ च्या लढाईत डावा हात गमावला. म्यान आवरावयास हात उरला नाही, म्हणून उजव्या खांद्यावरून पट्टा घेऊन त्याने तलवारीचा भार तोलला, असे सांगतात. पुढे तो पट्टा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गणवेशात रूढ झाला.

त्यासाठी बाभळीच्या सालीत कमावलेले जाड कातडे, मेण लावलेला दोरा व दोन सुया लागतात. आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून ओवावयाच्या. एका बाजूचा दोरा तुटला, तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. पट्ट्याच्या आतील अंगास मी माझे नाव व साल उमटवितो. नक्कल कोणी अस्सल म्हणून विकू नये.

आता एक कबुली. ज्या रापीने मी कातडे कापतो, ती माझ्या आजोबांची. नोकरीत असताना कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती मी ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. परवा नातवाने विचारले, "आजोबा, तुम्हांला हे कोणी शिकविले?" तेव्हा कित्येक वर्षांनी मी त्यांचे नाव मोठ्याने उच्चारले.

मुलांनी हाच धंदा करावा, असे मी म्हणत नाही. त्यांनी हवे ते शिकावे. परंतु घरातील हत्यारे लपवू नका, एवढीच माझी नम्र विनंती आहे.