परसातली भाजी आणि माती
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. पण मंडळाने चार शब्द बोलावयास सांगितले, आणि मला आज एक चूक कबूल करावयाची आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आपणा पुष्कळ जणींना परसातल्या पालकाची जुडी वाण म्हणून दिली. पुढे आळे खणताना जुन्या बॅटऱ्यांचे तुकडे निघाले. आमच्या आधीचे बिऱ्हाडकरू तेथे बॅटऱ्या फोडीत असत. मी मातीचा नमुना तपासावयास धाडला. नेहमीच्या तपासणीत शिसे पाहत नाहीत, ते मुद्दाम सांगावे लागते. उत्तर आले : त्या कोपऱ्यात शिसे फार, बाकी परसातही थोडे अधिक. मी घरोघर जाऊन सांगितले. जिच्याकडे जाणे राहिले असेल, तिने मला क्षमा करावी आणि घरात लहान मूल वा गरोदर सून असल्यास डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावे. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते.

मला वाटे, भाजी धुतली, शिजवली की झाले. पण धुण्याने वरची माती जाते. मुळावाटे आत चढलेला धातू शिजवूनही तसाच राहतो.

जपानात जिंझू नदीकाठी खाणीचे पाणी भातशेतीत जाऊन कॅडमियम नावाचा धातू तांदळात उतरला. हाडे ठिसूळ होऊन माणसे ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे कण्हत. त्यांत बहुतेक बाळंतपणे झालेल्या, वयस्क बायका होत्या. १९६८ साली तिथल्या सरकारने कारण मान्य केले. शेतांची माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

आता मी काय करते ते सांगते. तो कोपरा झाकून टाकला. तेथे काही लावीत नाही, मुलांना जाऊ देत नाही. बाकी परसात खताने शिसे नाहीसे होत नाही, पण जखडले जाते. आपली कोकणची तांबडी माती आंबट. आंबट मातीत धातू मोकळा होऊन मुळांना लवकर मिळतो. म्हणून आधी बेताने चुना, आणि तीन-चार आठवड्यांनी मुरलेले शेणखत व हाडांचे खत. चुना नि शेणखत एकदम घालू नये, खताचा कस उडून जातो. घाटावरच्या काळ्या मातीत चुना मुळातच असतो, तेव्हा माहेरी हा उपाय सुचवू नका. मातीत सोमल असेल तर चुन्याने आणि हाडांच्या खताने तो उलट मोकळा होतो. म्हणून तपासणी आधी. रंग दिलेल्या जुन्या लाकडाची राखही नको, जुन्या रंगात शिसे असते.

पालेभाज्या, मुळा, गाजर मी आता पेटीत, बाहेरून आणलेल्या चांगल्या मातीत लावते. जमिनीत भेंडी, वांगी, दुधी. फळात शिसे फार कमी चढते.

यंदाच्या संक्रांतीला मी वाण म्हणून भेंडीचे बी दिले. ते पेरण्यापूर्वी, त्या जागी पूर्वी काय होते, हे घरातल्या जुन्या माणसांना जरूर विचारा. मी विचारले नव्हते.