विजेची गाडी घ्यावी का?



२०२४ साली आपल्या बिडकीनला विजेच्या स्कूटरचा कारखाना काढायचं ठरलं. अशी गाडी आपण घ्यावी का? नीट विचार करू.

तिला पेट्रोल लागत नाही. ती धूर सोडत नाही. पण वीज येते कुठून? परळीला कोळसा जाळून वीज करतात. धूर तिथं होतोच. उन्हापासूनची वीज वाढेल, तसा तो कमी होईल.

बॅटरी भरायला काही तास लागतात. म्हणून रोज किती लांब जाता, गावात वीज किती वेळ असते, ते आधी पाहा.

बिघडलेली बॅटरी पेट घेऊ शकते. गाडीबरोबर मिळालेलाच चार्जर वापरा. निजायच्या खोलीत किंवा दाराची वाट अडवून गाडी चार्जिंगला लावू नका. पैसा वाचावा, पण जीव आधी!